भावजींचे बिअरचे ग्लास

आमच्या भावजींच्या घरी तुम्हाला उचकी लागली तर पाणी नक्की मिळतं. फक्त ते समोर दिसणाऱ्या ग्लासातून मिळेल, अशी आशा धरू नये. त्यांच्या खालच्या मजल्यावर दातांचे एक डॉक्टर राहतात. ते एकदा सहज गप्पा मारायला वर आले आणि हसता हसता त्यांना उचकी लागली. टेबलावर पाण्याचा जग होता आणि जगाशेजारी दोन उंच, कमरेत बारीक, पातळ काचेचे ग्लास पालथे घातलेले होते. डॉक्टरांनी हात पुढे केला. भावजींनी तो वाटेतच पकडला, हस्तांदोलन करावं तसा, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, स्टीलचा पेला आण." ताई तेव्हा कपडे वाळत घालत होती. ती हात पुसून पेला आणेपर्यंत डॉक्टर हात धरलेल्या अवस्थेत उचक्या देत उभे होते.

"साधं पाणी प्यायचं होतं हो," डॉक्टर नंतर मला जिन्यात म्हणाले. "मी काय त्यात कवळी बुडवून ठेवणार होतो?"

डॉक्टरांना ठाऊक नव्हतं की त्या दोन ग्लासांत बिअरशिवाय काहीही पडायचं नाही, असा त्या घरचा नियम आहे. पाणी नाही, सरबत नाही, फुलदाणी फुटली म्हणून तात्पुरती दोन फुलंही नाहीत. आणि दूध तर नाहीच नाही. दुधाचा ग्लास त्या दोन ग्लासांशेजारी ठेवला तरी भावजी हळूच तो वीतभर लांब सरकवतात, दोन भांडखोर पोरांना वेगळ्या बाकांवर बसवावं तसा.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पोहण्याच्या तलावावर पाणी सांभाळण्याचं काम करतात. पोहता बऱ्यापैकी येतं, पण ते पाण्यात उतरलेले मी तरी कधी पाहिले नाहीत. पाणी त्यांच्या मते बघण्याची वस्तू आहे. लोक त्यात उड्या मारतात, ही पगार घेतल्यामुळे सोसावी लागणारी गोष्ट. तलावाच्या दारात, फवाऱ्यांच्या खोलीपाशी, हातात लांब दांड्याची जाळी घेऊन ते उभे असतात आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला म्हणतात, "आधी अंघोळ." लहान, थोर, लठ्ठ, रोड, कुणालाही सवलत नाही. गावभर त्यांचं नाव त्यामुळे 'आधी-अंघोळ' पडलं आहे. बाजारात पोरं त्यांना लांबून ओळखतात आणि आपोआप केसांवरून हात फिरवतात.

"डोक्याला तेल लावलंय," ते माणसाकडे न बघता, हवेचा वास घेत म्हणतात.

"थोडंसंच लावलंय हो."

"तुम्हाला थोडंसं. पाण्याला ते तासभर दिसतं."

आणि खरोखरच दिसतं. त्यांनी मला एकदा दाखवलं होतं. गाल जवळजवळ फरशीला टेकवून पाण्याच्या पातळीवर डोळा आणला की वर तरंगणारा तेलाचा पातळ पडदा दिसतो, त्यात मोराच्या पिसाचे रंग असतात. मला तो सुंदर वाटला. भावजींनी मात्र, घरात परका माणूस पलंगावर बूट घालून झोपलेला दिसावा, तसा तो पाहिला.

संध्याकाळी तलाव रिकामा झाला की ते लगेच निघत नाहीत. शेवटचा पोहणारा गेल्यावरही पाणी बराच वेळ हलत असतं. तळाच्या निळ्या फरशीवरच्या काळ्या रेघा थरथरतात, वाकतात, एकमेकींत शिरतात, आणि छतावर उजेडाची जाळी पोहत राहते. भावजी खालच्या पायरीवर बसून वाट बघतात. हळूहळू रेघा सरळ होतात, उजेडाची जाळी एका जागी थांबते. मग ते उठतात. घरी उशीर का झाला असं ताईने विचारलं की म्हणतात, "पाणी झोपत नव्हतं."

असा हा माणूस शनिवारी लवकर घरी येतो, स्वतः आधी अंघोळ करतो आणि गॅलरीत जाऊन बिअरची बाटली उघडतो. एकच. त्यातली अर्धी त्यांची आणि अर्धी माझी. त्यामुळे ते मद्यपी आहेत, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. एवढ्या बिअरने मांजरही डुलणार नाही. प्यायचं हे त्या कार्यक्रमातलं सगळ्यांत किरकोळ काम आहे.

आधी ग्लास थंड पाण्याने विसळायचा आणि उजेडाकडे धरायचा. काच स्वच्छ असेल तर पाणी आतून एकसंध चादरीसारखं उतरतं. कुठे तेलाचा अंश असेल तर चादर फाटते आणि पाण्याचे वेगवेगळे थेंब होऊन बसतात. चादर नीट उतरली की भावजी ग्लास तिरपा धरून ओततात, मग सरळ करतात, आणि वर दोन बोटं पांढरा फेस चढतो. मग पुष्कळ वेळ काहीच होत नाही. तेच बघायचं असतं.

भावजींच्या ग्लासाच्या तळाला एक बारीकसा ओरखडा आहे. त्या ओरखड्यातून बुडबुड्यांचा एकच धागा सरळ वर जातो, न तुटता, न वाकता, जणू खाली बसून कुणीतरी सूत कातत आहे. धागा फेसाला टेकतो आणि फेस त्याला आत घेतो. उन्हं उतरलेली असतात. समोरच्या वळणावर बस हळू होतात, वळतात आणि जातात. ग्लासातून येणारा पिवळा उजेड भावजींच्या हातावर पडतो, मग गुडघ्यावर सरकतो. एकेक घोट गेला की काचेवर फेसाचं एक वळं राहतं, तलावाच्या पायऱ्यांसारखं, एकाखाली एक. त्या तासाभरात मी काय विचार करतो, हे मला आजवर कधी आठवलेलं नाही. घरी जाताना मात्र कुठेतरी लांब जाऊन आल्यासारखं वाटतं, आणि बायको विचारते, "काय बोललात एवढा वेळ?" मी प्रामाणिकपणे सांगतो, "काही नाही." तिला ते खरं वाटत नाही.

आता ताई. ताईने अख्खी नोकरी बस स्थानकावर केली. बसून, बोलून. अमुक ठिकाणी जाणारी गाडी तमुक फलाटावर लागत आहे, हे सगळ्या स्थानकाला सांगणारा आवाज तिचा होता. ती बसायची त्या खोलीला खिडकी नव्हती. समोर भिंत, भिंतीवर दिवा, दिवा लागला की बोलायचं. हजारो माणसं तिने समुद्राकडे, डोंगराकडे, सासरी, माहेरी, परीक्षेला रवाना केली आणि त्यांपैकी एकही गाडी तिने सुटताना पाहिली नाही. घरातही तिचा सूर तोच होता. "जेवण तयार आहे. हात न धुतलेल्यांनी पानावर बसू नये." भावजी दुरुस्तीला घरी आणलेली जाळी ठेवून निमूट उठायचे.

मग स्थानकावर यंत्र बसवलं. त्यात दुसऱ्याच एका बाईचा आवाज आहे, फार गोड, आणि ताईच्या मते तिला कुठलीही गाडी सुटली काय नि राहिली काय, सारखंच. ताई मुदतीआधी निवृत्त होऊन घरी बसली. शनिवारी ती आम्हाला वेफर्सची बशी आणून देते आणि गॅलरीच्या दारात उभी राहते.

"काय दिसतं हो त्यात एवढं?"

"ये, बघ," भावजी धाग्यावरून नजर न हलवता म्हणतात.

"बसू कुठे? ग्लासात?"

गॅलरीत दोनच खुर्च्या मावतात. एक भावजींची, एक माझी. ती थोडा वेळ थांबते आणि आत जाते.

हे सगळं असंच चालायचं, पण एका शनिवारी भावजींच्या ग्लासातला फेस वर आला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तो खाली बसला. दोन बोटांचं अर्धं बोट झालं, मग नुसती कड राहिली, मग तीही गेली. उरलं ते पिवळं पाणी. वळी नाहीत, पायऱ्या नाहीत. धागा वर येत होता, पण त्याला टेकायला काही नव्हतं. वर आलेला बुडबुडा पृष्ठभागावर फुटून जात होता. भावजी त्याच्याकडे पाहत राहिले. मीही पाहिलं, आणि माझ्या ग्लासातला फेस हाताने झाकून धरला. त्यांच्यासमोर तो मिरवणं बरं दिसलं नसतं.

"बाटली शिळी असेल," मी म्हणालो.

"तुझीही त्याच बाटलीतली आहे."

पुढच्या शनिवारी माझा फेस गेला आणि त्यांचा राहिला. त्याच्या पुढच्या वेळी दोघांचे गेले. भावजींनी दुकान बदललं. नव्या दुकानदाराला त्यांनी इतके प्रश्न विचारले की त्याने शेवटी विचारलं, "तुम्हाला प्यायची आहे की हिच्याशी लग्न करायचंय?" फेस तरीही बसलाच. मग भावजींनी ग्लास विसळून उजेडाकडे धरले. चादर फाटली. काचेच्या आत थेंबांची लहान लहान बेटं बसली होती.

"तेल आहे," भावजी म्हणाले, आणि सावकाश माझ्या मिशीकडे पाहिलं.

"भावजी, हे बरोबर नाही."

"मी काही म्हणालो का?"

"तुम्ही मिशीकडे बघताय."

"मिशीवाल्या, तू वेफर्स खातोस. मग ओठ पुसत नाहीस. मग पितोस. मी इतकी वर्षं बोललो नाही."

"आणि तुमचा ग्लास? तो काय मी रात्री येऊन चाटतो?"

 पुढच्या शनिवारी मला दारातच थांबवून त्यांनी न्हाणीघराकडे बोट दाखवलं. "आधी अंघोळ," एवढंच म्हणाले. अंघोळ मी नाकारली, पण मिशी धुतली, तीही भांड्यांच्या साबणाने, कारण त्यांच्या मते दुसरा साबण स्वतःच तेलकट असतो. ती वाळल्यावर अशी ताठ उभी राहिली की आठवडाभर कचेरीतले लोक माझ्याशी अदबीने बोलत होते. त्या शनिवारी फेस टिकला, कारण भावजींनी दोन्ही ग्लास आदल्या दिवशी मीठ चोळून धुतले होते. पुढच्या शनिवारी, मिशी धुतलेली असूनही, तो पुन्हा बसला. आरोपी निर्दोष सुटला, पण फिर्यादीला त्याचा आनंद झाला नाही.

खरं सांगायचं तर त्यानंतर भावजींची मला काळजी वाटू लागली. एकदा मी तलावावर गेलो तर एक गृहस्थ कोरडा, सरळ बाहेरून येऊन पाण्यात उतरला आणि भावजी जाळी हातात घेऊन नुसते बघत राहिले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जाऊ दे. सगळ्यांवर काहीतरी असतंच." असं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकणं म्हणजे घड्याळाने काट्यांना सुट्टी देण्यासारखं होतं.

"मला आठवड्यातून एकदा एक गोष्ट स्वच्छ बघायची असते," ते पुढे म्हणाले. "तेवढीच. आठवडाभर मी दुसऱ्यांचं पाणी नितळ करतो. तो एक धागा माझा." मग जाळीतलं एक पान काढून म्हणाले, "या शनिवारी नाही टिकला, तर ग्लास गुंडाळून वर ठेवून देतो. तू येत जा. चहा पिऊ."

चहाला माझा विरोध नाही. पण ते ज्या आवाजात बोलले, तो घर रिकामं करणाऱ्या माणसाचा होता.

त्याच आठवड्यात तलावाची मोटर बिघडली आणि तो बंद ठेवावा लागला. भर दुपारी भावजी काखेत एक लांब फळी घेऊन माझ्या कचेरीच्या दारात हजर झाले. त्यांना आता नवा संशय आला होता. स्वयंपाकघरातल्या तळणीचा धूर उडून ग्लासांवर बसत असणार. तेव्हा ग्लासांसाठी वेगळी फळी ठोकायची, तीही झोपायच्या खोलीत, खिडकीजवळ, धुरापासून लांब. मी फक्त फळी धरायची होती. मी अर्धी रजा टाकली. मिशीची अब्रू अजून पूर्ण परत आलेली नव्हती.

भावजींनी किल्लीने दार उघडलं. घरात कुणी बोलत होतं. आम्ही फळीची दोन टोकं धरून दारातच थांबलो.

आवाज ताईचा होता, पण घरातला नव्हे, स्थानकावरचा. धीमा, स्वच्छ, कुणालाही घाई न करायला लावणारा. खोलीच्या पलीकडे गॅलरीचं दार उघडं होतं. भावजींच्या खुर्चीत ताई बसली होती, पाय कठड्याच्या गजांत अडकवून. हातात उंच ग्लास होता आणि ग्लासात दूध. बाटलीत घालून खळखळून हलवलेलं असावं, कारण वर फेसाचा जाड ढग होता. दुपारचं ऊन त्या दुधातून गाळलं जाऊन तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं आणि चेहरा आतून दिवा लावल्यासारखा दिसत होता. डोळे अर्धे मिटलेले. वरच्या ओठावर फेसाची पांढरी मिशी.

वळणावर एक बस आली. ताईने ग्लास जरा उंच धरून तिच्याकडे त्यातून पाहिलं.

"समुद्राकडे जाणारी गाडी वळणावर येत आहे," ती म्हणाली. "खिडकीची जागा रिकामी आहे. प्रवाशांनी घाई करू नये."

बस वळली. ताईने मान वळवून तिला शेवटपर्यंत जाऊ दिलं. मग एक घोट घेतला. पाठोपाठ पावाची गाडी आली, मग एक सायकलवाला आला, आणि तिने दोघांनाही व्यवस्थित रवाना केलं. सायकलवाल्याला डोंगराकडे पाठवलं.

भावजींनी फळीचं टोक हळूच मागे ओढलं. मी मागे सरलो. दार आवाज न करता लागलं. आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो आणि फळी गुडघ्यांवर आडवी घेतली. तेवढ्यात खालून दातांचे डॉक्टर गच्चीवर जायला वर आले, आम्हाला पाहून थबकले.

"काय, होडी चालली का?"

आम्ही दोघांनी पाय बाजूला घेतले. ते फळी ओलांडून वर गेले आणि पुन्हा वळून पाहिलं नाही.

भावजींनी फळी पुन्हा गुडघ्यांवर सारखी केली. मग म्हणाले, "तिला मिशी चांगली दिसते. तुझ्यापेक्षा."

"भावजी, आता कळलं ना? दुधाची साय असते. ताई ग्लास धुऊन ठेवत असणार, पण तीच घासणी कढईला, तीच—"

"अर्धा ग्लास संपला होता," ते म्हणाले, "आणि फेस तसाच होता. पाहिलास? दुधाचा फेस एवढा टिकतो?"

"मी कधी बघत बसलो नाही."

"मीही नाही." त्यांनी फळीवरून हात फिरवला. "ती दारात उभी राहून विचारायची, काय दिसतं त्यात. मला वाटायचं, चेष्टा करते."

"मग सांगायचं तिला? दूध दुसऱ्या कशात तरी पी म्हणून?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. तेलाचं डोकं घेऊन तलावावर आलेल्या माणसाकडे ते बघतात, तसं.

"सांगितलं की ती त्याच क्षणी स्टीलच्या पेल्यातून पिईल. एका शब्दाने बोलणार नाही. आणि स्टीलच्या पेल्यातून उजेड येत नाही."

फळी न ठोकता आम्ही खाली उतरलो. ती त्यांनी माझ्याच घरी ठेवायला दिली आणि जाताना बजावलं की शनिवारी येताना घेऊन ये.

शनिवारी मी फळी घेऊन पोचलो तेव्हा भावजी स्वयंपाकघरात होते आणि झाकणाच्या बाटलीत दूध हलवत होते. दोन्ही हातांनी, घुसळणाऱ्या यंत्रासारखे. टेबलावर दोन्ही ग्लास विसळून ठेवलेले. त्यांनी ओरखडा असलेला ग्लास उचलला. स्वतःचा. क्षणभर उजेडाकडे धरला, चादर उतरताना पाहिली, आणि त्यात दूध ओतायला बाटली तिरपी केली. त्यांच्या धर्मात एकदा दुधाला लागलेला ग्लास पुन्हा माणसांत येत नाही. मी घसा साफ केला. त्यांनी मान हलवली, म्हणजे बोलू नकोस.

"थांबा," दारातून ताई म्हणाली.

ती तिथे कधीची उभी होती कोण जाणे. तिने बाटलीकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं, मग भावजींकडे.

"कधी पाहिलंत?"

"कुणी काय पाहिलं?"

"अहो, मी दोनदा घासून ठेवायचे. पण तुमचा फेस बसायला लागला आणि मला भीती वाटली. सोडून देणार होते. रोज ठरवायचे, आज शेवटचा." तिने त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि दुसरा पुढे ठेवला. "यात ओता. दुधाला काय करायचाय ओरखडा? दुधात धागा दिसतो का?"

"पण तो मिशीवाल्याचा आहे," भावजी म्हणाले. निदान आठवण तरी ठेवली.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी माणूस काय म्हणणार? "माझं काय," मी म्हणालो, आणि हे नम्रपणे म्हटलेले दोन शब्द त्यांनी जसेच्या तसे स्वीकारले. नवरा-बायकोच्या उदारपणात तिसऱ्याचा ग्लास जातो, हे मला त्या दिवशी समजलं.

आता नियम असा आहे. ओरखड्याचा ग्लास फक्त बिअरसाठी, दुसरा फक्त दुधासाठी. दोन्ही ग्लासांच्या घासण्या वेगळ्या आणि मध्ये वीतभर अंतर. गॅलरीतल्या खुर्च्याही दोघांनी घेतल्या आहेत. ती फळी दोन खोक्यांवर आडवी टाकून उंबऱ्याशी माझी सोय केली आहे. बसायला बरी आहे, फक्त वळून बोललं की पलीकडचं टोक उचललं जातं. बिअर मला स्टीलच्या पेल्यात मिळते.

"भावजी, मला फेस दिसत नाहीये."

"आहे. वरूनच बघ."

"वरून नुसतं पांढरं दिसतं."

"तोच."

मग मी वरूनच बघतो. भावजींचा धागा वर चढत असतो आणि फेसात शिरत असतो. ताईच्या हातातला ढग अजून तसाच असतो, त्यातून उजेड तिच्या बोटांवर झिरपतो. रस्त्यावरचे आवाज कापसात गुंडाळल्यासारखे लांबून येतात. एखादी बस वळणावर हळू होते.

"समुद्राकडे जाणारी गाडी," ताई म्हणते.

भावजी ग्लासावरची नजर काढत नाहीत, पण थोड्या वेळाने विचारतात, "जागा आहे का गं?"

"तुमच्यासाठी आहे," ती म्हणते. "आधी अंघोळ करून या."